वैमानिकाची झोप आणि आपला प्रवास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत मराठी शिकलो. एखादा शब्द कोशात काय म्हणतो हे पाहून झाले की तो बाजारात, गिरणीत, कचेरीत काय काम करतो आहे तेही पाहून या, असा त्यांचा आग्रह असे. त्या आग्रहाचा आधार घेऊनच मी आजचा विषय निवडला आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने विमान वाहतुकीवर बोलावे, हे ऐकून चिटणीसांच्या कपाळावर एक आठी उमटली होती. त्यांची शंका रास्त होती. विमानाचे यंत्र मला कळत नाही, आणि त्याविषयी मी बोलणारही नाही. मी बोलणार आहे ते विमान चालविणाऱ्या माणसाच्या झोपेविषयी, आणि त्या झोपेसंबंधी केलेल्या एका नियमाविषयी. नियम हा शेवटी शब्दांचा बनलेला असतो. तेवढ्यापुरता माझा अधिकार आपण मान्य करावा.

इंदूरकरांना विमान नवे नाही. टाटांची मुंबई-दिल्ली हवाई सेवा १९३७ साली सुरू झाली, तेव्हा ती इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर करीत जात असे. आज बिजासनच्या टेकडीखालून उडणारे विमान ही आपल्या घरांची गरज झाली आहे. मुले पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत नोकरीला. दिवाळीला यायचे ते विमानाने, आणि आई आजारी पडली तर धावत यायचे तेही विमानानेच. त्यामुळे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, म्हणजे इंडिगोची, उड्डाणे धडाधड रद्द होऊ लागली, तेव्हा त्याची झळ आपल्या विमानतळालाही लागली. ५ डिसेंबर या एका दिवशी देशभरात त्या कंपनीची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर सामानाचे ढीग पडले. लग्ने, परीक्षा, मुलाखती, शस्त्रक्रिया सारे अडले. इतर कंपन्यांची भाडी इतकी चढली की सरकारला ६ डिसेंबरला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले : पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार रुपये, आणि पंधराशे किलोमीटरपुढे अठरा हजार. रेल्वेने गाड्यांना जादा डबे जोडले.

या गोंधळाचे कारण म्हणून एक वाक्य त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी होते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, म्हणून विमाने बंद पडली. हे वाक्य मी चहाच्या टपरीपासून सुशिक्षितांच्या बैठकीपर्यंत ऐकले. त्यात तथ्य आहे, पण ते पाव तथ्य आहे; आणि पाव तथ्य पूर्ण असत्यापेक्षा अधिक काळ टिकते. त्या वाक्यातील ‘विश्रांती’ या शब्दाकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे.

आपल्या भाषेत झोपेच्या पायऱ्या किती बारकाईने नोंदल्या आहेत पाहा. प्रथम पेंग येते. मग डोळ्यांवर झापड येते. मग डुलकी लागते, डोळा लागतो, माणूस गुंगतो, आणि अखेर गाढ झोपी जातो. यांतील पेंग माणसाला स्वतःला कळते. डुलकी मात्र कळतेच असे नाही. शेजाऱ्याने कोपर मारले म्हणजे ‘मी जागाच होतो’ असे तो प्रामाणिकपणे सांगतो. निद्राशास्त्रज्ञांचे म्हणणे याहून फार निराळे नाही. झोपेची बाकी साचली की मेंदू काही सेकंदांसाठी परस्पर बंद होतो, आणि त्या सेकंदांची नोंद त्या माणसाच्या स्मरणात राहत नाही. तसेच गाढ झोपेतून एकदम उठलेला माणूस डोळे उघडे असूनही काही मिनिटे पुरता जागा नसतो. त्यालाही आपण झापडच म्हणतो. घरच्या माणसांना ठाऊक असते की अशा वेळी त्याला हिशेब विचारू नये.

आणि या सर्वांत गोड शब्द आहे तो ‘साखरझोप’. पहाटेची झोप. शरीराच्या आतले घड्याळ रात्री साधारण दोन ते सहा या वेळात सर्वांत खाली उतरलेले असते. देहाचे तापमान घटते, लक्ष मंदावते, प्रतिसाद लांबतो. विमानशास्त्राच्या परिभाषेत या चार तासांना स्वतंत्र नाव आहे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. आपल्या आज्यांनी त्याच वेळेला साखरझोप म्हटले, ते कोणत्याही प्रयोगशाळेवाचून. (ब्राह्ममुहूर्तावर उठावे असे सांगणारे वडीलधारे दिवेलागणीनंतर लवकर निजत असत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. रात्री एक-दोनपर्यंत सराफ्यात गरम जिलेबी खाणाऱ्या आमच्या गावाला ब्राह्ममुहूर्ताचा उपदेश करण्यात अर्थ नाही.)

भाषेने झोप इतकी बारकाईने पाहिली असली, तरी आपल्या संस्कारांनी तिच्यावर एक शिक्का मारला आहे. झोप म्हणजे आळस. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेचे निरूपण करणारा एक संपूर्ण समास आहे. तो वाचताना हसू येते, आणि निजलेल्या माणसाविषयीची आपली परंपरागत वृत्तीही ध्यानात येते. परमार्थाच्या वाटेवर ती वृत्ती योग्य असेल. परंतु यंत्रयुगात ती घातक ठरते, कारण ती शरीराच्या एका गरजेला चारित्र्याचा दोष समजते. ज्याला झोप आली तो कामचुकार, आणि जो जागला तो निष्ठावंत, असा हिशेब आपण नकळत मांडतो. वैमानिकांनी विश्रांती मागितली की ‘एवढा पगार घेतात, मग थोडे जागायला काय झाले’ असे उद्गार निघतात, त्यांचे मूळ येथे आहे.

जागरणाचा परिणाम मोजता येतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सतत सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष यांची अवस्था, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी होते, असे त्यांना आढळले. चोवीस तास जागल्यावर ती सुमारे ०.१० टक्के मद्याइतकी होते. आता हे पाहा, आपल्या देशात वैमानिकाला उड्डाणापूर्वी नळीत फुंकून तो प्यायलेला नाही हे सिद्ध करावे लागते. त्यात थोडीही सवलत नाही, आणि ती असावी असे कोणी म्हणतही नाही. परंतु तो किती झोपला आहे हे दाखविणारी नळी अद्याप अस्तित्वात नाही. तिच्या जागी आपल्यापाशी एकच साधन आहे, आणि ते म्हणजे कामाच्या तासांचा नियम.

१९२७ साली लिंडबर्ग एकटा अटलांटिक ओलांडून पॅरिसला उतरला. आदल्या रात्री त्याला झोप मिळाली नव्हती, आणि प्रवास होता साडेतेहतीस तासांचा. वादळ आणि बर्फ यांच्याइतकाच त्याचा सामना झोपेशी होता. ते साहस होते, आणि त्यात पणाला लागला होता तो त्याचा एकट्याचा जीव. पाठीमागे दीडशे-दोनशे माणसे बसली की त्याच कृत्याचे नाव बदलते.

तरीही अपघाताचे कारण म्हणून थकव्याचे नाव घेण्यास जगाला बराच काळ लागला. १९९३ साली क्यूबातील ग्वांटानामो बे येथे एक मालवाहू डीसी-८ विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. तिघेही कर्मचारी सुदैवाने वाचले. कॅप्टन त्या वेळी तेवीस तासांहून अधिक जागा होता. अमेरिकेच्या तपास मंडळाने संभाव्य कारण म्हणून थकव्याचा स्पष्ट उल्लेख केला, तो या अपघातापासून. पुढे २००९ च्या फेब्रुवारीत बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचे विमान पडून पन्नास माणसे गेली. सहवैमानिक रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाहून कामावर आली होती. कॅप्टनने विमानतळावरील कर्मचारी-कक्षातच रात्र काढली होती. तपासणाऱ्यांनी मुख्य कारण चुकीची हाताळणी हेच दिले, थकव्याचा वाटा किती हे ठरविता येत नाही असेही लिहिले. मृतांच्या आप्तांनी मात्र हा प्रश्न सोडला नाही. ते वॉशिंग्टनला खेटे घालत राहिले, कायदा झाला, आणि विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०१४ पासून तेथे अमलात आले. मालवाहू विमाने त्यांतून वगळली गेली. माल वाहणाऱ्याला झोप कमी लागते असा शोध कोणी लावला होता, हे कळावयास मार्ग नाही.

आपल्या देशातील उदाहरण याहून जवळचे आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूच्या टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मरण पावले. चौकशी-न्यायालयाचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. विमानातील ध्वनिमुद्रणात सुमारे दोन तासांचे आवाज जतन झाले होते. त्यांपैकी पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत कॅप्टनचा शब्द नाही. ऐकू येते ती घोरण्याची घरघर. उतरणीच्या वेळी विमान फार उंच आणि वेगात होते. पुन्हा वर घेऊन फेरी मारावी असे सहवैमानिकाने सुचविले, एकदा नव्हे तर अनेकदा. कॅप्टनने विमान रेटून उतरविले. झोपेतून नुकत्याच उठलेल्या मनाची ती झापड त्याच्या निर्णयावर होती, असा निष्कर्ष अहवालात आला.

या अहवालातील एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे वेळ. विमान निघाले भारतीय वेळेप्रमाणे रात्री अडीचच्या सुमारास आणि कोसळले सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी. सारा प्रवास साखरझोपेच्या वेळेतला. चौकशीचा भर कामाचे तास अधिक झाले यावर नव्हता. म्हणजे केवळ तास मोजून भागत नाही. ते तास दिवसाच्या कोणत्या प्रहरी पडतात हेही पाहावे लागते. मुनीमजीच्या वहीत दुपारचा तास आणि पहाटे चारचा तास सारखाच असतो, शरीराच्या वहीत नसतो.

येथे एक खुलासा करणे मला अगत्याचे वाटते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत झालेल्या भीषण अपघातात २६० माणसे गेली, आणि त्यानंतर विमानाविषयी बोलणारा प्रत्येकजण त्याकडे वळतो. मी वळणार नाही. त्याच्या प्राथमिक अहवालात दोन्ही वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळाली होती अशी नोंद आहे. दुःखद घटना आपल्या प्रतिपादनाला सोयीची म्हणून ओढून आणणे हे अभ्यासकाला शोभत नाही.

डुलकीचे अगदी अलीकडचे उदाहरण इंडोनेशियातील आहे, आणि त्यात सुदैवाने कोणाला ओरखडाही उठला नाही. २५ जानेवारी २०२४ रोजी बाटिक एअरचे विमान १५३ प्रवासी घेऊन केंदारीहून जकार्त्याकडे निघाले होते. कॅप्टनने सहवैमानिकाच्या संमतीने थोडी विश्रांती घेतली. काही वेळाने सहवैमानिकाचाही डोळा लागला. अठ्ठावीस मिनिटे नियंत्रकांच्या हाकेला त्या विमानातून उत्तर आले नाही. कॅप्टन जागा झाला तेव्हा विमान मार्ग सोडून गेले होते. त्या सहवैमानिकाच्या घरी एक महिन्याची जुळी मुले होती. त्यांना सांभाळण्यासाठी तो रात्री पुनःपुन्हा उठत होता, आणि त्याच सुमारास त्याने घरही बदलले होते. या माणसाला आळशी म्हणण्याची कोणाची छाती आहे? किंबहुना घरच्या कर्तव्यात तो कसूर करीत नव्हता म्हणूनच तो आकाशात निजला.

आता आपल्या नियमाकडे येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी वैमानिकांच्या कामाच्या वेळांचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. त्यांतील मुख्य गोष्टी चारच सांगतो. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेली. ‘रात्र’ पूर्वी मध्यरात्रीपासून पाच वाजेपर्यंत मानली जाई, ती सहा वाजेपर्यंत वाढविली. म्हणजे साखरझोपेचा शेवटचा तास प्रथमच नियमाच्या भाषेत रात्रीत आला. रात्रीच्या वेळात विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. आणि कंपन्यांनी वैमानिकांच्या थकव्याचे अहवाल दर तिमाहीस सादर करावेत असे ठरले.

हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी अडचणी मांडल्या, ते लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात उभ्या होत्याच. अखेर २२ तरतुदींपैकी १५ तरतुदी १ जुलै २०२५ पासून आणि उरलेल्या १ नोव्हेंबर २०२५ पासून, असा क्रम ठरला. रात्रीच्या उतरणीची तरतूद दुसऱ्या टप्प्यात होती. जानेवारी २०२४ ते नोव्हेंबर २०२५ म्हणजे जवळजवळ बावीस महिने. मुलीचे लग्न बावीस महिने आधी ठरले आणि मुहूर्ताच्या दिवशी मांडव नाही, तर आपण पंचांगाला बोल लावत नाही. ‘नव्या नियमांमुळे विमाने बंद पडली’ या वाक्यातील उरलेले पाऊण तथ्य ते हेच. नियमामुळे जितके वैमानिक अधिक लागणार होते तितके कंपनीने वेळेवर उभे केले नाहीत. नंतरच्या चौकशीतही साधनांचा अतिरेकी काटेकोर वापर आणि नियमांसाठीची अपुरी तयारी ही कारणे पुढे आली, आणि जानेवारी २०२६ मध्ये महासंचालनालयाने कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड केला.

‘अतिरेकी काटेकोर’ हा माझा अनुवाद आहे. मूळ शब्दाचा आशय असा की प्रत्येक विमान, प्रत्येक माणूस, प्रत्येक मिनिट इतके ताणून वापरले की कोठे सैल उरली नाही. व्यवस्थापनशास्त्रात हा गुण समजला जातो. आपल्या जुन्या गृहिणी मात्र डब्यात दोन मुठी पीठ नेहमी राखून ठेवीत, आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नसे.

या नियमांतील आणखी एका तरतुदीवर मला क्षणभर रेंगाळू द्या, कारण ती निव्वळ भाषेची आहे. साप्ताहिक विश्रांतीच्या ऐवजी रजा धरली जाऊ नये, असे एक कलम होते. म्हणजे वैमानिकाने दोन दिवस रजा घेतली तर त्याच दोन दिवसांना ‘तुझी आठवड्याची विश्रांती झाली’ असे म्हणता येऊ नये. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. ‘रजा’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ संमती, परवानगी. रजा ही मालकाच्या मर्जीची गोष्ट आहे, ती मागावी लागते. ‘सुटी’ सुटण्यातून आली. तिच्यात बांधलेपण संपल्याचा भाव आहे. ‘विश्रांती’च्या पोटात ‘श्रम’ हा धातू आहे. केलेले श्रम उतरण्याची ती क्रिया आहे. वडिलांच्या श्राद्धासाठी गावी गेलेला माणूस रजेवर असतो, विश्रांतीवर नसतो. हे कलम लिहिणाऱ्याने तिन्ही शब्दांतील भेद नेमका ओळखला होता. आणि ५ डिसेंबर २०२५ रोजी गोंधळ शिगेला पोचला तेव्हा पहिल्यांदा मागे घेतले गेले ते हेच कलम, आणि तेही सर्व कंपन्यांसाठी. शिवाय इंडिगोला रात्रीच्या उड्डाणांच्या मर्यादांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देण्यात आली.

साप्ताहिक विश्रांतीचा झगडा मराठी माणसाला तरी अपरिचित नसावा. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० पासून त्यांना रविवारची सुटी मिळाली. तोवर गिरण्या रविवारीही चालत. एक दिवस यंत्र थांबले तर धंदा बुडेल, असा युक्तिवाद तेव्हाही होताच. गिरण्या पुढे बुडाल्या, पण त्या रविवारमुळे बुडाल्या असे कोणत्याही इतिहासकाराने लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

आमच्या इंदुरातही गिरणीचा भोंगा हेच एके काळी गावाचे घड्याळ होते. आमच्या चाळीत रातपाळीचे तीन कामगार राहत. सकाळी ते परतले की त्यांच्या खिडकीवर गोधडी टांगली जाई, आणि आम्हा मुलांना अंगणात विटीदांडू खेळण्याची बंदी होई. ‘काका रातपाळी करून आलेत’ एवढे वाक्य पुरे असे. कोणत्याही सरकारी परिपत्रकावाचून सारी चाळ त्या तीन माणसांच्या झोपेची राखण करी, कारण सांच्यापुढे पेंगणाऱ्याचा हात कोठे जाऊ शकतो हे तेथील बायकांनी पाहिलेले होते. विमानातला प्रवासी आणि वैमानिक यांच्यामध्ये एक बंद दार असते. त्या दारापलीकडचा माणूस काल किती झोपला हे आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण त्याच्या खिडकीवर गोधडी टांगत नाही.

कंपन्यांची बाजूही मांडली पाहिजे. विमानधंदा हा आपल्याकडे फार पातळ नफ्याचा आहे. किंगफिशर २०१२ साली, जेट एअरवेज २०१९ साली आणि गो फर्स्ट २०२३ साली जमिनीवर आली. तिन्ही एके काळी नावाजलेल्या. इंधन महाग, विमाने भाड्याची, आणि कॅप्टन एका रात्रीत तयार होत नाही; त्याला वर्षे लागतात. स्वस्त तिकिटाने आपली मुले वर्षातून दोनदा घरी येऊ लागली, हे ऋण आपण विसरू नये. हे सारे मला मान्य आहे.

परंतु याच कारणांनी आणखी एक परिस्थिती निर्माण झाली आहे, आणि मला खरी चिंता तिची वाटते. एकामागून एक कंपन्या बुडाल्यावर देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकाच कंपनीच्या हाती आले. अशी कंपनी अडली की देश अडतो. मग नियम पाळला गेला नाही म्हणून कंपनीला थांबविणे सरकारला परवडत नाही, नियमाला थांबविणे परवडते. डिसेंबरात घडले ते हेच. मंत्रालयाने कंपनीची दहा टक्के उड्डाणे कमी करावयास लावली, दंड झाला, ताशेरे झाले. आणि तरीही त्या गोंधळात पहिली सवलत काढून घेतली गेली ती झोपेतून. मी असे विचारतो की त्या आठवड्यात इंधन कमी पडले असते, तर ‘दोन महिने राखीव इंधनावाचून उडा’ अशी सूट कोणी मागितली असती काय? कोणी दिली असती काय? इंधनाचा काटा दिसतो. झोपेचा काटा दिसत नाही, म्हणून ती घासाघीस करण्याजोगी वस्तू ठरते.

आणि या घासाघिशीत आपण, प्रवासी, कोणत्या बाजूला उभे होतो? वर्तमानपत्रांतील पत्रे मी त्या दिवसांत आवर्जून वाचली. परतावा मिळावा, सामान मिळावे, भाडे आवरावे, या मागण्या सर्वस्वी न्याय्य होत्या. पण ‘सूट देऊ नका, आम्ही थांबतो’ असे लिहिणारा प्रवासी माझ्या पाहण्यात आला नाही. सूट देण्याला हरकत घेतली ती वैमानिकांच्या संघटनांनी. ज्याच्या जिवासाठी नियम केला तो नियमावर रागावलेला, आणि ज्याच्यावर नियमाचे बंधन आहे तोच नियमासाठी भांडणारा, अशी ती विपरीत स्थिती होती.

माझा एक जुना विद्यार्थी वैमानिक आहे. त्याला मी विचारले की थकलो आहे असे सांगून उड्डाण नाकारता येते का. तो म्हणाला, ‘सर, येते. कागदावर नक्की येते. पण तीनदा नाकारल्यावर चौथ्यांदा फोन कोण करणार, हे मनात येतेच.’ हा मला एकंदर प्रश्नाचा गाभा वाटतो. थकवा कळविणारा वैमानिक प्रामाणिक ठरावा की अडेलतट्टू, हे त्याच्या कचेरीतल्या वातावरणावर ठरते. तिमाही अहवालाची तरतूद म्हणूनच मोलाची आहे. कोणत्या कंपनीत किती वैमानिकांनी थकवा कळविला आणि त्यांपैकी किती निवेदने मान्य झाली, हे आकडे भाड्याच्या जाहिरातीइतक्या ठळकपणे छापले गेले पाहिजेत. ज्या कंपनीत एकानेही थकवा कळविला नसेल, तिच्या विमानात बसण्यापूर्वी मी दोनदा विचार करीन.

विश्रांतीचा प्रश्न वैमानिकांशी संपत नाही. २००६ साली अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे एक विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडू पाहताना कोसळले, ४९ जण गेले. मनोऱ्यात त्या पहाटे एकच नियंत्रक होता, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये तो सुमारे दोन तास झोपला होता. हवाईसुंदऱ्या, रात्री विमान दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, यांच्याविषयी बोलू लागलो तर दुसरे व्याख्यान होईल.

उपायांपैकी एक साधा आहे, आणि तो सांगून थांबतो. अमेरिकेच्या नासा या संस्थेने लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर वैमानिकांना आळीपाळीने चाळीस मिनिटांची ठरवून विश्रांती देऊन पाहिली. त्यांत सरासरी सव्वीस मिनिटे झोप लागली, आणि उतरणीच्या वेळी ते वैमानिक न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक सावध आढळले. एक जागा असताना दुसऱ्याने सांगून-सवरून झोपावे, आणि उतरणीच्या पुष्कळ आधी उठून झापड जाऊ द्यावी, एवढीच त्यातली शिस्त. मात्र ही डुलकी रात्रीच्या झोपेची जागा घेऊ शकत नाही, हेही त्याच अभ्यासकांचे म्हणणे. तिचा आधार घेऊन कोणी पाळ्या लांबवू लागला तर तो औषधाचे व्यसन करीत आहे असे समजावे.

सभागृहात दोन माजी विद्यार्थी विमानसेवेतील आहेत असे चिटणीसांनी मला सांगितले. प्रश्नोत्तरांत यंत्रासंबंधी काही निघाले तर त्यांनी उत्तर द्यावे. शब्दांसंबंधी निघाले तर मी देईन. तिसऱ्याचे उद्या पहाटे सव्वापाचचे उड्डाण आहे. तो येणार होता, पण संध्याकाळी त्याने निरोप पाठविला की आठला झोपतो आहे.